संध्याकाळच्या प्रार्थनेतली नावे

मी, जीवराम भिकन भोळे, धर्म ख्रिस्ती, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा सुतारकाम, मूळ राहणार असोदा, जिल्हा पूर्व खानदेश, हल्ली राहणार धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझी पत्नी ताईबाई जानेवारीत वारली. तिची शवपेटी मीच केली. अक्षर वाकडे आले आहे ते लिहिण्याची सवय नसल्यामुळे, कोणाच्या दबावामुळे नव्हे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. धुळे येथील दोन खोल्यांचे घर व मागची कामाची पडवी माझी मुलगी मंदाबाई हिला द्यावी. ती विधवा असून मुलींच्या शाळेत शिकवते व माझे सर्व करते. परसातला निंब ताईबाईने लावलेला आहे, तो तोडू नये. मंदाला घर दिले याचे सुकदेवला वाईट वाटणार नाही, एवढे मी त्याला ओळखतो.

२. पोस्टातील शिल्लक निम्मी मंदाबाईस व निम्मी माझा मुलगा सुकदेव याची कन्या कुमारी .................... हिला द्यावी. नातीचे नाव मला ठाऊक नाही, म्हणून जागा कोरी ठेवली आहे. ताईबाईला ठाऊक होते, पण मी कधी विचारले नाही. आता मंदाला विचारले, तर ती म्हणाली, "नाना, जामनेर काही विलायतेत नाही. जाऊन विचारा." नावाची जागा कोरी राहिली तर पुढे अडचण येईल, असे वकील म्हणतात. ते खरे असेल.

३. माझे भोके पाडायचे गिरमिट शेजारी तोताराम यांच्याकडे सात वर्षे आहे. "उद्या आणून देतो, भाऊ," असे ते दर ईस्टरला म्हणतात. ते त्यांनाच देण्याचा माझा विचार होता. परंतु साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही असे कळले, आणि सही करायला तेच येणार आहेत. म्हणून गिरमिट मी आज हयातीतच त्यांना देऊन टाकले आहे.

४. हत्यारांची पेटी, म्हणजे तीन रंधे, चार करवती, पटाशा, हातोडे व काटकोन पाहायचा गुण्या, सुकदेव यास द्यावी. याचे कारण लिहिणे मला जरूर वाटते.

माझे वडील भिकन आबा असोद्याला शेती करीत. सन १९०८ मध्ये मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनी, मेलेल्या माणसाच्या नावाने करतात तशी, माझ्या नावाने अंघोळ केली. पुढे त्या घरात माझे नाव कोणी काढले नाही. माझ्या घरातून कोणाचे नाव असे जाऊ द्यायचे नाही, असे मी तेव्हा ठरवले होते.

आमच्यात संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना बाप चालवतो. लग्नात पाळकसाहेबांनी सांगितले होते की घराचा पहिला पाळक बापच. मी ते काम एक दिवस चुकवले नाही. सर्वांची नावे घेई. पण मला समोरासमोर बोलता येत नाही. त्यामुळे जे मुलांना सांगायचे ते मी देवाला सांगत असे. "प्रभो, मंदाचे लक्ष चुलीवर राहत नाही. प्रभो, सुकदेव माप न घेता लाकूड कापतो."

सुकदेव बावीस वर्षांचा असताना त्याने प्रार्थनेत डोळे उघडले आणि म्हणाला, "नाना, मी इथं समोर बसलोय. हे मला सांगा ना. देवाला कशाला मधी घालता?"

मंदा हसली. मी हसलो नाही. प्रार्थना पुरी केली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे नाव घेणे बंद केले. आठ दिवसांनी तो जामनेरला कापसाच्या जिनात कामाला गेला. लग्न तिकडेच केले. मी गेलो नाही. याला अकरा वर्षे झाली.

 ताईबाई साक्रीकडची, बोली शेवटपर्यंत तिकडचीच. मी आमेन म्हटले की कंदील उचलता उचलता ती म्हणे, "आन मना सुकदेव बी." माझा सुकदेवही, असे रोज म्हणे. मी ऐकू न आल्यासारखे करी.

ताईबाईच्या मातीला सुकदेव आला होता. त्याने शवपेटीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवले, "सांधा चांगला बसलाय, नाना," म्हणाला आणि दुपारच्या मोटारीने परत गेला. त्या संध्याकाळी मी आमेन म्हणून थांबलो. पुढे कोणी काही बोलले नाही. मंदाने कंदील उचलला. तेव्हा मला समजले की मीही वडिलांसारखीच अंघोळ केली होती, फक्त पाण्यावाचून.

५. माझ्या मागे या घरात प्रार्थना मंदाबाईने चालवावी. नावे सर्वांची घ्यावी. कोणाचे दोष सांगू नयेत.

६. मला ताईबाईशेजारी पुरावे. फळ्या पडवीत काढून ठेवल्या आहेत. पेटी सुकदेवने करावी, माप घेऊन.

हे मृत्युपत्र अमलात आणण्यास मी मंदाबाईस नेमतो. ते मी वाचून, खालील दोघांसमक्ष सही केली व त्यांनी माझ्यासमक्ष केली.

मुक्काम धुळे, तारीख १४ मे १९४६
सही: जीवराम भिकन भोळे
साक्षीदार: १. तोताराम लोटन २. लीलाधर पुना

पुरवणी

वरील मृत्युपत्र कायम आहे, पुढील दोन फरक सोडून.

कलम ४ मधील पेटी मी आज जामनेरला येऊन स्वतः सुकदेवच्या हाती दिली. तेवढे कलम आता उरत नाही. गुण्या त्याने उजेडात धरून तपासला.

कलम २ मधील कोऱ्या जागी झुंबर सुकदेव भोळे असे वाचावे. वय वर्षे सहा. नाव तिने स्वतः सांगितले.

संध्याकाळी प्रार्थना सुकदेवने चालवली, कारण या घरात बाप तो आहे. मी झुंबरजवळ बसलो. त्याने सर्वांची नावे घेतली, त्यात माझेही घेतले. आज मी आलो म्हणून घेतले असेल, असे मी नंतर झुंबरला म्हणालो.

ती म्हणाली, "ते तं रोजच असतं, आबा."

मुक्काम जामनेर, तारीख १९ मे १९४६
सही: जीवराम भिकन भोळे
साक्षीदार, दोघी सुकदेवच्या शेजारणी: १. कुंदाबाई, सही २. भिकुबाई, डाव्या हाताचा अंगठा