माझ्याच झाडाची चोरी

मी, कोस्तान्सा मानुहुतू, माहेरची लेआटेमिया, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा लवंगा व जायफळ, राहणार हाऊलेसी, सापारुआ बेट, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचे नसते. मला कोणी धाक घातलेला नाही की आमिष दाखवलेले नाही. या वयात आमिष दाखवायला कोणी येतही नाही. माझा आत्मा मी परमेश्वराच्या हाती सोपवते. तो मुळात त्याचाच आहे, तेव्हा यात मी फार मोठे दान करते आहे असे समजू नये. बाकीच्या वस्तूंची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी.

१. राहते घर माझी मुलगी अगुस्तिना, राहणार अंबोन, हिला द्यावे. स्वयंपाकघरावरचा पत्रा गळतो. माझा नवरा बास्तियान दर पावसाळ्यात त्याकडे मान वर करून म्हणायचा, "देव बघून घेईल." देवाने तेहतीस वर्षे बघितले. मी खाली बादली ठेवली. बादलीही अगुस्तिनाचीच.

२. बास्तियानच्या होडीचे इंजिन. हा माणूस एकदा सेराम बेटाकडे निघाला तेव्हा मी जादा तेलाचा डबा पुढे केला, तर मला म्हणाला, "डबा घेतला तर भरवसा कसला?" दोन दिवस होडी वाहत राहिली. शेवटी ला हामीद नावाच्या मुसलमान कोळ्याने ती ओढून आणली, बास्तियानला भात आणि मासे खाऊ घातले आणि घरी पोचवले. रविवारी बास्तियानने चर्चमध्ये उभे राहून, डोळ्यांत पाणी आणून देवाचे आभार मानले. ला हामीदचे नावही घेतले नाही. सोमवारी मी जायफळाच्या मुरंब्याच्या चार बरण्या त्याच्याकडे पाठवल्या, पण तेवढ्याने फिटलेले नाही. इंजिन ला हामीदच्या मुलांना द्यावे, तेलाच्या भरलेल्या डब्यासकट.

३. माझ्या खोलीतले पांढरे ताट, ज्यात नाणे ठेवून आम्ही देवाला नवस बोलतो, ते आईकडून मला आले आणि माझ्याकडून अगुस्तिनाच्या मुलीला जावे. देवाशी घासाघीस करू नये असे आमच्या पाळकबाई सांगतात. त्यांनी शनिवारचा बाजार अजून नीट पाहिलेला नाही. मी आयुष्यभर घासाघीस केली आणि अगुस्तिना झाली ती त्यातूनच.

४. कोयते, लवंगा वाळवायच्या चटया आणि सागोची खळ ताटात घ्यायच्या लाकडी काड्या शेजारीण वेल्मिना हिला द्याव्यात. तिने अगुस्तिनाच्या लग्नात माझे मोठे पातेले नेले आणि पोचा पाडून परत आणले. विचारले तर म्हणाली, "असंच होतं ते." ते पातेलेही तिलाच द्यावे. रोज बघू दे.

५. दफन साधे असावे. वेल्मिनाला एकटीने गाऊ देऊ नये. बासऱ्या वाजवाव्यात.

६. हद्दीजवळचे दुरियानचे झाड माझा धाकटा भाऊ दोमिंगुस लेआटेमिया याला द्यावे. खरे तर या एका कलमासाठी मी कागद घेऊन बसले. वरची पाच कलमे हात मोकळा व्हावा म्हणून लिहिली.

आमच्या गावात फळांवर राखणीला माणूस बसवत नाहीत, देव बसवतात. मालक पाळकांना सांगतो, पाळक रविवारी उपासनेत झाडाचे नाव घेऊन प्रार्थना करतात आणि झाडावर फळी टांगली जाते. झाली सासी. मग उपासनेतच ती सोडेपर्यंत त्या झाडाचे फळ कोणी तोडायचे नाही, खाली पडलेले उचलायचे नाही, मालकाने सुद्धा नाही. हात लावला तर पुढचे देव बघतो.

१९९३ च्या नोव्हेंबरात मी या झाडावर सासी घातली. पडलेली फळे दोमिंगुस उचलतो असा मला संशय होता. पुरावा काही नव्हता. तो धाकटा होता एवढेच पुरे झाले. पण त्या वर्षी फळ लवकर पिकले. पाळक बैठकीसाठी अंबोनला गेलेले, समुद्र खवळून बोटी बंद, आता सासी सोडणार कोण? पाच दुपारी मी दारात बसून त्याचा फणसाहून उग्र वास नुसता घेतला. सहाव्या दुपारी झाडाखाली गेले आणि बसल्या बसल्या तीन फळे खाल्ली. एक खाल्ले असते तर मोह झाला म्हटले असते.

शेवटचे टरफल टाकते आहे तोच ओरडा ऐकू आला. दोमिंगुस हद्दीपलीकडच्या त्याच्या लवंगेच्या झाडावरून पडला होता. मी धावत गेले. पाय दोन ठिकाणी मोडला होता. त्याला दाराच्या फळीवर घालून उचलून नेताना चर्चची घंटा वाजवणाऱ्या मातेउसला माझ्या झाडाखाली टरफले दिसली. सासीच्या झाडाखाली टरफले आणि शेजारच्याचा मोडका पाय, दोन्ही एकाच दुपारचे. गावाला आणखी काही लागले नाही. मातेउसने घंटा न वाजवताही बातमी संध्याकाळपर्यंत घरोघर पोचवली.

दोमिंगुसला त्या ईस्टरला मंडळीचा वडील, म्हणजे चर्चचा पंच, नेमणार होते. ते राहिले. चर्चच्या बासरीवादकांत तो सर्वांत चांगला होता. त्याला कोणी जा म्हटले नाही, फक्त त्याच्या शेजारी बसेनासे झाले. मग त्यानेच बासरी ठेवून दिली. बावीस वर्षे तो शेवटच्या बाकावर बसतो, लंगडत येतो आणि लंगडत जातो.

मी गप्प राहिले. आधी भीतीने, की आता माझा पाय मोडेल. नंतर मोडला नाही म्हणून. मी देवाला स्पष्ट विचारले, "खाल्लं मी आणि पाडलंस त्याला? नेम चुकला का तुझा?" ओल्या फांदीवरून माणूस घसरतो, त्यात देवाचा काही हात नव्हता, हे मला तेव्हाही कळत होते. तरी मी देवाच्या नावावर माझी चोरी खपवली. मला याची लाज वाटते. मस्करीत लिहून ती कमी होईल असे वाटले होते, होत नाही.

हे कलम माझ्या मृत्यूनंतर, दफनाआधी, चर्चमध्ये मोठ्याने वाचावे. देवाच्या क्षमेवर माझा पूर्ण भरवसा आहे. त्याच्या मंडळीवर नाही, आणि वेल्मिनावर तर मुळीच नाही. म्हणून मी आधी मरून घेईन.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पाळकबाई युदित यांनी करावी.

हाऊलेसी, ४ फेब्रुवारी २०१६.

पुरवणी

वरील मजकूर मी पाळकबाईंना वाचायला दिला. त्यांनी माझ्या ओसरीवर बसून तो दोनदा वाचला. पातेल्यापाशी हसल्या, पुढे हसल्या नाहीत.

"ओमा," त्या मला आजीच म्हणतात, "देव क्षमा करील असा भरवसा आहे ना?"

"आहे म्हणून तर लिहिलंय."

"मग मेल्यावर कशाला? तिथे तो समोरच असणार. भरवसा लागतो तो इथे."

"तुम्हाला काय जातंय बोलायला? वेल्मिनाच्या शेजारी मला राहायचंय."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "दोमिंगुसकाकांचा खोकला ऐकलात हल्ली?"

"ऐकला."

"तेच आधी गेले तर हे मी कोणाला वाचून दाखवू?"

याचा मी विचारच केला नव्हता. मी थोरली, म्हणजे आधी मी जाणार, असे बावीस वर्षे धरून चालले होते. देवाने तसे कधी कबूल केलेले नाही.

म्हणून काल रविवारी, सूचना वाचून झाल्यावर, मी उठून पुढे गेले आणि कलम सहा स्वतः वाचले. तीन फळांपाशी मागे कोणीतरी "अरे देवा!" म्हणाले, वेल्मिनाच असावी. वाचून झाल्यावर मी कागद खाली केला. मग शेवटच्या बाकावरून दोमिंगुस उठला. त्या माणसाला पुढे यायला किती वेळ लागतो हे मी पहिल्यांदा पाहिले.

"उसी," थोरल्या बहिणीची हाक मारत तो म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पडल्यावर सगळ्यांत आधी तूच धावत आलीस. माझ्या तोंडाशी वाकून 'काय झालं रे, काय झालं रे' करत होतीस. दुरियानचा असा भपकारा आला! पाय मोडला होता माझा, नाक नव्हतं मोडलं."

चर्च हसले. मला हसता आले नाही.

"मग बोलला का नाहीस?"

"कोण ऐकणार होतं? म्हटलं, तू सांगशील. देवावर भरवसा ठेवला."

"बावीस वर्षं?"

"तुझ्यावर ठेवला असता तर पहिल्याच वर्षी सोडून दिला असता."

मी तिथेच पायरीवर बसून रडले. तो शेजारी बसला, मोडका पाय लांब करून, आणि म्हणाला, "पुरे आता, लोकांना जेवायला जायचंय."

आज सकाळी तो घरी आला. मृत्युपत्रावर साक्षीदार कोण घ्यावेत याची मी यादी करत होते. ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष चालत नाही, असे अंबोनच्या नोटरीने फोनवर बजावले आहे. ते ऐकल्याबरोबर दोमिंगुस म्हणाला, "माझं झाड खोडून टाक."

"का? नको तुला?"

"मला साक्षीदार व्हायचंय. इतकी वर्षं एकटाच होतो या गोष्टीला. निदान सही तरी करू दे."

मी पुष्कळ समजावले. तो लहानपणापासून हट्टी आहे. सबब कलम सहामधील दुरियानचे झाड दोमिंगुस याला देण्याचा मजकूर रद्द समजावा. झाड गावाचे राहील. पडलेले फळ ज्याला सापडेल त्याने खावे. माझ्या नावाने त्यावर पुन्हा कोणी सासी घालू नये.

हे सर्व वाचून, समजून, आणि थोडे हलके वाटून मी खालील दोघांसमोर सही करते.

कोस्तान्सा मानुहुतू (सही)
हाऊलेसी, सापारुआ बेट
सोमवार, १५ फेब्रुवारी २०१६

साक्षीदार: मातेउस तुपान, घंटावाला. (सही) टरफले मीच पाहिली होती. बोट चुकीच्या माणसाकडे दाखवले. माफी असावी.

साक्षीदार: दोमिंगुस लेआटेमिया, धंदा लवंगा, सख्खा भाऊ. (सही) लिहून ठेवणारीने माझ्यासमोर सही केली. मजकूर खरा आहे. मला आधीपासून माहीत आहे.