दाताचं निमित्त

गंगापूर रोड, नाशिक
१२ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कांना,
धाकट्या जावेचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे मजेत. गुडघे सोडले तर माझंही बरं चाललंय. तुमची औषधं वेळेवर चालू असतील आणि उतारही पडत असेल. द्राक्षांची तोडणी सुरू झाली असेल, म्हणजे घरात माणसांचा राबता असणार. तुमचा आवाज गेल्यापासून फोनवर मी एकटीच बोलत बसते आणि पलीकडून नुसत्या कोंबड्या ऐकू येतात. म्हणून म्हटलं, चिठ्ठीच लिहावी. तुमचा अमोल उद्या औषधं न्यायला येणार आहे, त्याच्याकडे देईन. रोशनी बाळा, आजीला सावकाश वाचून दाखव. परीक्षेचा पेपर असल्यासारखी पळू नकोस.

तर अक्का, पिक्चरचं सांगते. आमच्या सूनबाईने, तेजलने, टीव्हीला काहीतरी जोडून घेतलंय, त्यामुळे घरातच थेटर झालंय. मागच्या रविवारी मात्र तेजलने मला खऱ्या थेटरात नेलं. खुर्ची अशी की मागे रेललं की आपले पाय आपोआप वर. पिक्चरमधला हिरो एकटा पन्नास जणांना लोळवतो आणि त्याच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडत नाही. मला मध्येच डुलकी लागली. जागी झाले तेव्हा तीच मारामारी चालू होती, म्हणजे माझं काही बुडालं नाही.

दुसरा मराठी, खेड्यातला. त्यातली सून पहाटे उठून शेण काढते आणि नखं लालभडक. गावातली माणसं असं काही बोलतात की आपल्या सायखेड्यात कुणी तसं बोललं तर त्याला आधी भगताकडे नेतील. एक गाणं तेवढं चांगलं होतं. त्यात नदीचा घाट दाखवलाय, बायका गोधड्या आपटतायत. मला आपला घाट आठवला. गोधडी पिळताना एक टोक तुमच्याकडे, एक माझ्याकडे, आणि तुम्ही मुद्दाम सोडून द्यायच्या.

तिसरा कुठल्या देशातला होता कोण जाणे. एक म्हातारी, तिचं अंगण आणि एक मांजर. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, पण माझी एक ओळ लागेपर्यंत ती पळून जात. मग मी माझीच गोष्ट रचली. म्हातारी कुणाची तरी वाट बघतेय, एवढं कळायला अक्षरं लागत नाहीत. तेजल कंटाळून झोपली आणि मी पदराने डोळे पुसत बसले. पण कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले, ते पुन्हा काही बसले नाही.

यावरून तेजल मला परवा म्हणाली, "आई, तुम्ही शेवट कधी बघतच नाही. दर वेळी शेवट आला की तुम्हाला काहीतरी काम निघतं."

मी हसले. तिला काय सांगणार? ही सवय मला तुम्ही लावलीत. चुलीपाशी भाकरी थापता थापता तुम्ही डाव्या गालाला हात लावायच्या, की मी समजायचे, उद्या नाशिकला पिक्चर. सासूबाईंना सांगायचं, बायडाअक्कांची दाढ ठणकतेय, डॉक्टरकडे जाऊन येतो. शेवटी त्या एकदा म्हणाल्याच, "बायडाच्या तोंडात दात हाये का कणसाचे दाणे? सरतच नाय." तुम्ही गालाला हात लावून कण्हत होतात आणि मी पदर तोंडात कोंबून मोरीत पळाले होते.

तीनचा खेळ आणि सहाची सायखेडा गाडी. शेवट कधी आपल्या वाट्याला आलाच नाही. रंगात आलेला पिक्चर टाकून उठायचं, स्टँडकडे पळत सुटायचं आणि गाडीत दोघींनी मिळून शेवट जुळवायचा. थेटरात दिवे गेले की मी तुम्हाला अगं-तुगं करायचे. गाडीतून उतरलं की पुन्हा अहो अक्का. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आता रोशनीला कळलं, तर कळू दे.

तो नावेचा पिक्चर आठवतो का? ती नवऱ्याचं घर सोडून नदीवर येते, नावेत एक पाय ठेवते, मागे वळून बघते, आणि आपण उठलो. मी म्हणाले, ती गेली. तुम्ही म्हणालात, "चूल पेटती ठिवून कुणी जातं व्हय? माघारी आली असंल ती." गावाची वेस येईपर्यंत आपण भांडलो. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही नाशिकला आलो, तरी दर दिवाळीला ते भांडण चालूच होतं. तर अक्का, तेजलने तो पिक्चर शोधून काढला. काल दुपारी मी एकटीच बघत होते. ती नावेपाशी आली, तिने पाय ठेवला, वळून बघितलं आणि मी टीव्ही बंद केला. कुकर लावलेला नव्हता, दारात कुणी आलं नव्हतं. माझी कुठली गाडी चुकत होती?

खरं काय ते लिहिते. मघाशी उतार पडत असेल असं लिहिलं, ते खोटं होतं. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं, हे अमोलने मला तेव्हाच कळवलं होतं. मी यायचं टाळत होते. कधी गुडघे पुढे केले, कधी पाहुणे. मला तुम्हाला तशा बघायचं नव्हतं. दाढेचं खोटं सांगून इतकी वर्षं हसलो आणि दुखणं नेमकं तोंडातच निघालं, हे मनातून जात नाही.

काल संध्याकाळी अमोलचा फोन आला. म्हणाला, "काकू, आई सारखी डाव्या गालाला हात लावती. तुमचं नाव काढलं की लगेच. दुखत असंल म्हणून आम्ही गोळी देतो, तरी हात काढत नाय."

मी फोन खाली ठेवला आणि देवघरापाशी बसून रडले. दुखतही असेल. पण तो हात मी ओळखते.

तेव्हा ही चिठ्ठी अमोलबरोबर येणार नाही. मी घेऊन येतेय, त्याच्याच गाडीतून. रोशनीला वाचायचे कष्ट नकोत, मीच वाचीन. आणि इथपर्यंत वाचून झालं की खोलीतला दिवा घालवायला सांगीन.

म्हणजे आता अगं अक्का म्हणायला हरकत नाही.

अगं, तेजलने तो पिक्चर माझ्या फोनात भरून दिलाय. थांबलाय तिथंच, तिचा एक पाय नावेत आहे. तेव्हा मला वाटायचं, जावं एकदाचं तिने. आता वाटतं, तुझंच खरं व्हावं आणि ती माघारी यावी. नाही आली तरी या वेळी मी उठणार नाही. तुझ्याजवळच बसून राहीन.

गालावरचा हात काढ आता. मला कळलंय.

परतीची गाडी नसलेली,
तुझी उज्वला