सून घरी आली तो उन्हाळा

२० एप्रिल २००३, रविवार

सामान आलं! टेम्पो अकराला दारात. पुढं ड्रायव्हरशेजारी संघप्रिया, तिच्या मांडीवर धम्मू. मागं गाद्यांच्या ढिगावर आमचा प्रसेनजीत. तीन वर्षं इचलकरंजीत मागाच्या कारखान्यामागच्या एका खोलीत संसार केला पोरांनी. आता सगळे एका छपराखाली. बाहेरचा गिलावा राहिलाय, मागच्या खिडकीला दार नाही — तरी घर भरलं. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून त्रिशरण-पंचशील घेतलं. धम्मू मेणबत्तीकडे एकटक बघत होता.

आणखी काय मागायचं?

२२ एप्रिल

प्रसेनजीत पहाटे पुण्याला गेला. फौंड्रीतली नोकरी इथलीच आहे, पण आधी तिकडे सहा आठवडे शिकायचं. एक जूनला येईल. निघताना बायकोशी काही बोलला नाही, नुसते हातवारे केले. मागावरची माणसं! संघप्रिया हसली.

आजपासून घरात आम्ही दोघं म्हातारी — मी आणि मीना — सून आणि नातू.

२५ एप्रिल

धम्मू दुपारी झोपत नाही. रडतो, पाय झाडतो. मीना म्हणाली, "पोरगं झोपंना का गं?"

संघप्रिया मोठ्यांदा म्हणाली — ती नेहमी मोठ्यांदाच बोलते — "आत्या, हितं भुई हालत न्हाय न्हवं! त्येला हालत्या भुईची सवय हाय."

खरं आहे. जन्मल्यापासून चोवीस तास मागाची खडखड. मग मीनानं शिलाई मशीन त्याच्या अंथरुणाजवळ ओढलं आणि दोरा न घालताच पाय मारत बसली. पाच मिनिटांत पोरगा गाढ! मीना म्हणाली, "आता म्हातारपणी ह्याच्यासाठी मागावर कामाला लागलो म्हणा की मी."

टपाल वाटायची पाळी संपवून आलो की आता ते काम माझ्याकडे. पायाला फिरून फिरून सवय आहेच.

२९ एप्रिल

मीना शेजारच्या बाळाबाईला सांगत होती, "माझी सून एका शब्दानं उलट बोलत न्हाय. हाक मारली तर कवा येईल कवा न्हाय, त्येवढं एक. पण उलट बोलणं न्हाय!"

मुलगी बघायला गेलो तेव्हा मलाही तेच आवडलं होतं. मी काही विचारलं की ती माझ्या तोंडाकडे बघायची, हसायची, उत्तर तिचा बाप द्यायचा. मी परत येताना म्हणालो होतो — पोरगी शांत आहे, हीच करू.

२ मे

रोज सकाळी वंदना म्हणतो. मी पुढं, बुद्धमूर्तीकडे तोंड करून. मागं मीना आणि संघप्रिया. सून एक ओळ मागं राहते. कधी कधी गप्पच. वाटलं, माहेरी नीट शिकवलं नसेल. विचारणं बरं दिसत नाही. हळूहळू शिकेल.

मी घरात पाऊल टाकलं की धम्मू आईचा गुडघा थोपटतो आणि वरच्या ओठावरनं बोट फिरवतो. मीना म्हणते, "तुमची नक्कल करतंय." पण मला मिशी कुठाय?

४ मे, रविवार

बाळाबाई धम्मूला घेऊन बसली होती. एकदम म्हणाली, "दोन वर्साचं व्हायला आलं की वो! आई म्हणत न्हाय, आजा म्हणत न्हाय. ऐकू येतंय न्हवं त्येला?"

पंधरा दिवस सगळ्यांच्या मनात होतं ते तिनं बोलून टाकलं.

खरंच, धम्मू बोलत नाही. काही हवं असलं की आईचा पदर ओढतो आणि हातानं दाखवतो. अंगठा तोंडाकडे — पाणी. दोन बोटं फिरवली — पंखा लाव.

६ मे

आज भांडण. मीनानं पोपटानं टोचलेला आंबा आणून धम्मूला चारला. पोपटाचं उष्टं खाल्लं की मूल बोलतं म्हणे — बाळाबाईनं सांगितलं. मी चिडलो. बाबासाहेबांनी हे सगळं सोडायला लावलं, माझ्या वडिलांनी छप्पन्न साली सोडलं, आणि तू नातवाला उष्टं चारतेस?

मीना म्हणाली, "चारलं! उद्या बी चारीन. तुमच्या वंदनेनं बोलू दे, न्हाय तर माझ्या आंब्यानं बोलू दे. बोलू दे म्हंजे झालं!"

मग ती रडली. धम्मूच्या हनुवटीवरनं रस गळत होता, आणि त्याला मजा वाटत होती.

गुरुवारी दवाखान्यात नेतो म्हणालो.

८ मे

अर्धी रजा टाकली. सरकारी दवाखाना, तीन तास रांग. कानाच्या डॉक्टर बाई तरुण, पण धीराच्या. धम्मूला आईच्या मांडीवर बसवलं, त्याच्या मागं जाऊन वाटीवर चमचा वाजवला. धम्मू गर्रकन वळला. डावीकडे कागद चुरगाळला — वळला. हळूच शीळ घातली — वळून हसला!

"कान उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाल्या. मी हात जोडले. कुणाला जोडले कोण जाणे.

मग त्यांनी मागं उभ्या राहूनच विचारलं, "घरी याच्याशी दिवसभर कोण बोलतं?" संघप्रिया धम्मूचं झबलं सारखं करत होती. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मीच म्हणालो — आम्ही सगळेच. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिल्या. निघताना मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी आईलाही तपासायला आणा."

पोरगी दमलेली दिसते, रक्त कमी असेल, म्हणून म्हणाल्या असतील. घरी आल्यावर मीनानं साखर वाटली.

१० मे

शिवाजी पेठेतल्या धोंडुबाईंचं रजिस्टर टपाल होतं. ऐंशीच्या पुढच्या, ठार बहिऱ्या. त्यांच्याकडे गेलं की दार वाजवून उपयोग नसतो. खिडकीपुढं जायचं, ऊन आपल्या तोंडावर येईल असं उभं राहायचं आणि सावकाश बोलायचं. त्या ओठांकडे बघतात. चौदा वर्षं असंच चाललंय.

आज त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मी सही घ्यायचीच विसरलो. असंच कोण बघतं माझ्याकडे, ते लक्षात आलं.

घरी आलो. मीना दळण आणायला गेलेली. संघप्रिया पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. मी दारातनं हाक मारली. नाही वळली. दोन पावलं पुढं जाऊन मारली. नाही. धम्मूनं मला बघितलं, आईचा गुडघा थोपटला, ओठावरनं बोट फिरवलं. मग ती वळली आणि पदर सावरत उठली.

आई आपल्या पोराला सांभाळते असं आम्ही समजत होतो. इथं पावणेदोन वर्षांचं पोर आईचे कान झालं होतं.

मी तिला बसायची खूण केली आणि तिच्यासमोर बसलो. उजेडाकडे तोंड केलं. सावकाश विचारलं — पोरी, कवापासनं?

तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग पहिल्यांदाच हळू बोलली. "आठवत न्हाय मामा. सुताच्या कांड्या भराय बसलो तवा तेरा वर्साची होतो. मागावर कुणालाच ऐकू येत न्हाय. सगळी हातानंच बोलत्यात. सूत तुटलं, पाणी पायजे, मालक आला" — तिनं वरच्या ओठावरनं बोट फिरवलं — "मालकाला मिशा होत्या. ऐकू येत न्हाय ते ठाव हुतं, पण तिथं कवा अडलंच न्हाय. हितं आल्यावर कळलं, मान्सं पाठ फिरवून बी बोलत्यात."

तिथं सगळेच बहिरे, म्हणून कुणीच बहिरं नव्हतं.

आणि धम्मू आईशी बोलेल कशाला? बोलून उपयोग नाही हे त्याला आमच्या आधी कळलं.

"मामा, कुणाला सांगू नगा," ती म्हणाली. "फसवून दिली म्हंतील."

११ मे

काही सुचत नाही. आमच्या नात्यात एका पोरीला बोटाचं पेर वाकडं म्हणून परत धाडली होती. हिला तर कान नाहीत. मीनाचं तोंड कडू. आणि प्रसेनजीत? त्याला फसवल्यासारखं वाटलं तर? तरणा गडी, डोक्यात राख घालून काहीतरी बोलून बसला तर ती कुठं जाईल, पोर घेऊन?

नाही. मी मध्ये उभा राहीन.

१३ मे

तिला एकटीला डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही कानांचं बरंच गेलंय. परत येणार नाही. मशीन लावलं तर पुष्कळसं ऐकू येईल. दोन आठवड्यांनी या म्हणाल्या. आणि — "घरी सगळ्यांनी मुलाशी बोला. अगदी बडबड करा."

मीनाला हे काम जमेल! पण सांगू कसं?

१६ मे, बुद्धपौर्णिमा

पांढरी साडी, पांढरा सदरा, खीर. सकाळी वंदनेला बसलो तेव्हा मी मूर्तीकडे थोडा तिरका बसलो. संघप्रियाला माझे ओठ दिसतील असा. तिनं एकही ओळ चुकवली नाही. सगळं पाठ होतं तिचं! स्वच्छ उच्चार. नुसता कुठं सुरू झालंय ते तिला कळत नव्हतं. इतके दिवस मी माझी पाठ तिला दाखवून तिलाच अडाणी समजत होतो. डोळे भरून आले. मूर्तीला तिरकं बसल्याचा राग आला नसावा.

मीनाला मात्र आला. "आज काय मानंला उसण भरली व्हय? तोंड तिकडं करा की!"

मग मी तिला मागच्या अंगणात नेलं आणि सगळं सांगितलं. ती तिथंच खाली बसली. मग म्हणाली, "म्हंजे महिनाभर चुलीपुढं मी हिला ज्या शिव्या घातल्या, त्या हिला ऐकू आल्याच न्हाईत?"

"न्हाय."

"एक बी?"

"एक बी न्हाय."

"सुटलो बाई!" म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. म्हणाली, माझ्या पोटची असती तर मला चार दिसांत कळलं असतं. सुनेकडं कोण बघतंय.

मग आत जाऊन तिनं संघप्रियाचं तोंड दोन्ही हातांत धरून आपल्याकडे फिरवलं आणि म्हणाली, "बघ माझ्याकडं. खीर कमी गोड झालीया. साखर आण."

एवढंच बोलली.

१९ मे

घरात आता कुणी कुणाला हाक मारत नाही. पाय आपटतो. फरशीवर धपकन पाय आपटला की संघप्रियाला तळव्यांना कळतं. बाळाबाई विचारत होती, "तुमच्याकडं रोज कसली वो कुस्ती?"

मीना दिवसभर धम्मूशी बोलते. भेंडी कशी निवडायची, रॉकेल कसं महागलं, बाळाबाई कशी चोंबडी आहे — सगळं. धम्मू तोंड उघडं टाकून ऐकतो.

२३ मे

बोलला!!

मीना भाताचा घास घेऊन मागं लागली होती. "खा की रे सोन्या, खा की." त्यानं तोंड फिरवलं आणि खणखणीत म्हणाला, "न्हाय की!"

पहिला शब्द. आई नाही, आजी नाही — न्हाय की! मीना आनंदानं घास तिथंच टाकून बाळाबाईकडे पळाली. वर तिला म्हणते कशी, "माझा आंबा लागू पडला." मी वाद घातला नाही.

संघप्रियाला ते ऐकू आलं नव्हतं. मी तिच्यासमोर बसून सांगितलं. तिनं धम्मूला पुढ्यात बसवलं आणि खूण केली — पुन्हा म्हण. धम्मूनं तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. तिच्यापुढं तो अजून हातानंच बोलतो.

२९ मे

मशीन मिळालं. दवाखान्यातनं रिक्षानं येताना तिनं दोनदा काढलं — फार गलका म्हणाली. घरी आल्यावर पुन्हा लावलं. केर काढायला घेतला आणि मध्येच थांबली. केरसुणी दोनदा फरशीवर ओढली. "मामा, केरसुणीला बी आवाज असतोय की वो!"

दुपारभर ती घरातल्या वस्तू वाजवत फिरत होती. डबा, कडी, पाण्याचा हंडा. धम्मू मागनं. मध्येच त्यानं "न्हाय की" म्हटलं. ती वळली. त्यानं हातानं दाखवायच्या आधी वळली! तो बघतच राहिला. मग पुन्हा म्हणाला. पुन्हा वळली. वीस वेळा तरी झालं असेल.

सगळ्यांचं कल्याण होवो.

३१ मे

उद्या प्रसेनजीत येतो. काय बोलायचं ते टपाल वाटताना मनाशी पक्कं केलं. तिचा दोष नाही. तुझी बायको, तुझ्या पोराची आई. रागावलास तर माझ्यावर रागाव, मुलगी मी पसंत केली. आणि हिला या घरातनं काढायचं असेल तर आधी मला काढावं लागेल.

चांगलं जमलंय. मीनाला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "बरं. पण जेवल्यावर बोला."

१ जून, रविवार

जेवल्यावर त्याला अंगणात नेऊन सांगितलं. पुरतं बोलूही दिलं नाही त्यानं.

"मला ठाव हाय बाबा. बघाय गेलतो त्या दिवशीच तिनं मला सांगितलंतं. तुमास्नी सांगू नको म्हणून मीच तिला म्हणालोतो. तुम्ही न्हाय म्हणला असता."

म्हणालो असतो.

दुपारभर धम्मूला मांडीवर घेऊन बसलो. मला विचारलं नाही, हे किती बरं झालं.