प्रत्येकी एक दगड

२ मार्च

आज निर्णय घेतला. यंदाच्या फुटबॉल फायनलला आपल्या गावातले सगळे चालत जातील आणि एकही माणूस कोणाला मारणार नाही. जबाबदारी माझी.

फायनल पलीकडच्या गावाच्या मैदानावर आहे. गेल्या वर्षी तिथे मॅच संपल्यावर आपल्या लोकांनी रागाच्या भरात एक बस उलटी केली. ती आपण ज्या बसने गेलो तीच होती, हे उलटी केल्यावर कळलं. आता कोणतीही बस आपल्या लोकांना घेत नाही. शिवाय कमिटीने बजावलंय की पुन्हा दंगल झाली तर आपली टीम पाच वर्षं बंद. आणि यंदा गोलमध्ये माझा धाकटा भाऊ आहे. शहरातल्या मोठ्या क्लबचे कोच खास त्याला बघायला येणार आहेत. मॅच शांततेत पार पडली तर तो शहरात जाईल. नाही पडली तर बाबांच्या दुकानात वेल्डिंग करत बसेल.

टेकडीवरून पायवाट आहे. पहाटे निघालं तर दुपारी पोचतो. माझी थिअरी सोपी आहे. राग म्हणजे एनर्जी. चालल्याने एनर्जी संपते. पोचेपर्यंत मारामारी करायला अंगात काही उरणारच नाही. मी सायकॉलॉजीची पदवीधर आहे, घरातली पहिली. त्यावर संघर्ष व्यवस्थापनाचं दोन दिवसांचं वर्कशॉप केलंय. सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं आहे.

नाश्त्याला हे सांगितलं तेव्हा धाकटा इतका हसला की दूध नाकातून बाहेर आलं. मी अजिबात चिडले नाही. टेबलावरचा मग त्याच्या कानाजवळून गेला, पण तो प्लास्टिकचा होता. राग हा माझा अभ्यासाचा विषय आहे, स्वभाव नाही.

६ मार्च

बाबांच्या दुकानात मीटिंग. चाळीसेक लोक आले. मी वर्कशॉपमधली एक पद्धत समजावली. निघताना प्रत्येकाने एक दगड उचलायचा. तो आपला राग. वाटभर तो जवळ बाळगायचा, त्याचं वजन जाणवू द्यायचं, त्याच्याशी बोलायचं. मॅच संपल्यावर दोन्ही टीमसमोर सगळ्यांनी तो मैदानात खाली ठेवायचा. मोकळं व्हायचं.

मग मटणवाले काका म्हणाले, "म्हणजे दगड आपण न्यायचे? राजरोस?" मी म्हटलं, हो. ते इतरांकडे वळून म्हणाले, "बघा, शिकलेल्या माणसाची गोष्टच वेगळी."

इतका उत्स्फूर्त प्रतिसाद मला अपेक्षित नव्हता. सलूनवाल्याने विचारलं, एका माणसाला एकापेक्षा जास्त राग असू शकतात का? किती खोल प्रश्न! मी म्हटलं, असू शकतात, मन फार गुंतागुंतीचं असतं. तो म्हणाला, मग मी पोतं आणतो.

खुणेचंही ठरलं. शेवटची शिट्टी झाली की मी दगड घेऊन हात वर करीन. मग सगळ्यांनी एकदम.

"एकदम?" काकांनी विचारलं.

एकदम, मी म्हटलं. एकट्यादुकट्याने केलं तर परिणाम होत नाही.

"अगदी बरोबर. गेल्या वर्षी तेच चुकलं," काका म्हणाले.

मधेच सलूनवाला शेजाऱ्याशी बोलत होता. त्याचं लक्ष वेधण्यासाठी पाठीवर थाप मारली. तो जरा पुढे जाऊन ड्रिल मशीनवर पडला. त्याची बसण्याची पद्धतच चुकीची होती.

९ मार्च

धाकटा रात्री जेवताना म्हणाला, "ताई, तुझ्या पाया पडतो. लोकांना आणू नकोस. घरी बस, मी जिंकून येतो." मग म्हणाला, "आणायचंच असेल तर आण, पण दगड नको ना गं!"

मी प्रेमाने समजावलं. समजावताना दार मधे आलं. त्याचा कान थोडा सुजलाय.

आई हॉस्पिटलच्या लाँड्रीतून दमून आली होती. कानावर बर्फ लावताना माझ्याकडे बघत म्हणाली, "तू कुठला दगड घेणार आहेस?" मी सांगितलं की माझ्या मनात राग नाहीच, पण लीडर म्हणून नावापुरता एक घेईन. आई म्हणाली, "पदवीदानाला तुझे बाबा आले नव्हते, त्याचा नाही?"

काय हे! त्या दिवशी धाकट्याची सेमीफायनल होती. बाबा दोन ठिकाणी कसे असतील? मी तेव्हाच पूर्ण समजून घेतलं होतं. दुकानाच्या भिंतीवर टीमचा फोटो असल्यामुळे माझी पदवी कपाटात आहे, वेल्डिंगच्या काड्यांशेजारी. तिथे धूळ लागत नाही. सगळं चांगलंच आहे.

१४ मार्च, पहाट

निघालो. बाबा टीमच्या गाडीतून पुढे गेले, पाण्याच्या बाटल्या सांभाळायला. बाकी सगळे माझ्याबरोबर. प्रत्येकाचा दगड तपासला. काकांचा नारळाएवढा. सलूनवाल्याचं पोतं दोघांनी मिळून उचललंय. गणिताच्या बाई, ज्यांनी मला पाचवीपासून शिकवलं, त्यांनी गोटीएवढा खडा आणलाय. मला कुणाचाच राग येत नाही गं, म्हणाल्या. आदर्श व्यक्ती. माझा दगड पांढरा, गुळगुळीत, मुठीत नेमका बसणारा. बरेच दिवस शोधत होते.

संकल्प : आज आवाज चढवायचा नाही.

सकाळ, वीटभट्टीजवळ

पहिला थांबा. उकडलेली अंडी, पाव. मग प्रत्येकाने आपल्या दगडाची गोष्ट मोठ्याने सांगायची, असा कार्यक्रम घेतला. काका म्हणाले, मागच्या फायनलला पलीकडच्यांनी माझ्या गळ्याचं हाड मोडलं. सलूनवाला म्हणाला, माझ्या भावाचे चार दात पाडले. जे विसरले होते त्यांनाही हळूहळू सगळं आठवू लागलं. काही जण रडले. फार हृद्य झालं.

मग सलूनवाला बोलून गेला की काकांचं हाड पलीकडच्यांनी नाही, गर्दीत काकांच्याच मेहुण्याने मोडलं. काकांनी त्याच्या नाकावर ठोसा मारला. त्याने काकांच्या पोटात डोकं घातलं. दोघे विटांच्या ढिगावर पडले, ढीग बाकीच्यांवर पडला. काकांचा एक दात अंड्याच्या टरफलांत सापडला.

वर्कशॉपमध्ये सांगितलं होतं की राग आधी वर येतो, मगच जातो. येतोय. उत्तम.

दोघांना सोडवताना माझं कोपर कोणाच्या तरी डोळ्याला लागलं. दोनदा.

निघताना पाहिलं तर बाईंनी खडा टाकून भट्टीवरची अख्खी वीट घेतली होती. म्हणाल्या, सगळ्यांचं ऐकून मलाही एक-दोन गोष्टी आठवल्या.

टेकडीवर

चढ अपेक्षेपेक्षा अवघड. कोणी बोलत नाही. काकांच्या टाचांना फोड आलेत. पोतं ओढत आणताहेत. एका मेंढीने सलूनवाल्याला ढुशी दिली तरी तो उलट काही म्हणाला नाही, नुसता पडून राहिला. थिअरी लागू पडतेय!

कालव्याशी

उतरताना एक अडथळा. पलीकडच्यांची दोन पोरं झेंडा लावलेल्या स्कूटरवरून आली आणि ओरडली, "चालत आलात, रांगत जाल!" मी पुढे होऊन त्यांना आमच्या उपक्रमाची माहिती देऊ लागले. त्यातला एक म्हणाला, "ही कोण, गोलकीपरची बहीण ना?"

एवढंच. खरं तर ओळख म्हणून ठीकच आहे.

दोघे पोहून पलीकडे गेले. इथे अभिमानाने नोंदवते की आमच्यापैकी एकानेही दगड फेकला नाही. कालव्यात फेकली ती स्कूटर. हँडल माझ्या हातात होतं, पण मी फक्त दिशा दिली.

मैदानाचं गेट

हवालदाराने दगड आत न्यायला मनाई केली. सगळ्यांचे चेहरे पडले. मी लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट दाखवलं, पद्धत सविस्तर समजावली, जागतिक पातळीवरचं संशोधन सांगितलं. बराच वेळ ऐकल्यावर त्याने डोकं धरलं आणि म्हणाला, "जा बाई, घेऊन जा, पण गप्प बसा." आयुष्यात पहिल्यांदाच पदवीचा एवढा थेट उपयोग झाला. काकांनी मला सॅल्यूट ठोकला.

हाफ टाइम

शून्य-शून्य. धाकट्याने काहीतरी अडवलं म्हणे. मी लोकांवर लक्ष ठेवून होते. राखाडी टोपीवाले कोच पहिल्या रांगेत, सारखी मान डोलावताहेत.

आणि आपले लोक? शांत! काका बूट काढून घोरताहेत. सलूनवाला पोत्यावर डोकं ठेवून आडवा. बाई विटेवर बसल्यात. कुणाच्या अंगात त्राण नाही. मी जिंकले. यावर पेपर लिहिता येईल.

१५ मार्च, पोलीस चौकी

घटना वस्तुनिष्ठपणे लिहिते.

मॅच संपायला आली असताना आपल्या विरुद्ध पेनल्टी मिळाली. एरवी इथेच दंगल झाली असती. आपले लोक जागेवरून हललेसुद्धा नाहीत. धाकट्याने पेनल्टी अडवली. पाठोपाठ शेवटची शिट्टी झाली आणि मैदान दणाणलं. बाबा बाटल्या टाकून आत धावले, धाकट्याला खांद्यावर घेतलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "आमच्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी करून दाखवलं!"

धाकट्याने हात वर केला.

मीही केला होता.

दगड माझ्या हातातून सुटला. तो गुळगुळीत होता, हे आधीच नोंदवलेलं आहे. धाकट्याच्या उजव्या हाताला लागला. आणि माझा हात वर दिसल्याबरोबर, ठरल्याप्रमाणे, सगळ्यांनी एकदम.

पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. पोतं उघडलं गेलं. पलीकडचे कुंपणाच्या फळ्या उपसून आले. काका अनवाणी, अंगावर गोलची जाळी, तिच्यासकट तिघांना तुडवत होते. रेफरीची शिट्टी त्याच्याच तोंडात कोंबली गेली. बाईंनी विटेने कमिटीच्या अध्यक्षांना आडवं केलं. पुढे कळलं की ते त्यांचे जुने हेडमास्तर. कोचच्या टोपीतून रक्त येत होतं. टाके घातल्यावर ते मिळेल त्या गाडीने निघून गेले. लाठ्या चालल्या. गेटवर ज्याला सर्टिफिकेट दाखवलं होतं तो हवालदार मला शोधत आला. कोणीतरी त्याच्या अंगठ्याला चावलं. गर्दी फार होती.

टीम पाच वर्षं बंद.

जबाब घेताना हवालदाराने विचारलं, नेम कुणावर होता? मी म्हटलं, नेम नव्हताच, पण असलाच तर रेफरीवर असेल. तो म्हणाला की रेफरी तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता.

अंगठ्याला पट्टी असल्यामुळे त्याला लिहायला वेळ लागत होता.

१८ मार्च

घरी. संकल्प : धाकट्याची सेवा करायची. तीन बोटं मोडली आहेत, हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. दुकानातला टीमचा फोटो त्यांनी उतरवला. भिंत रिकामी आहे.

संध्याकाळी आईने दिलेला सूपचा डबा घेऊन धाकट्याच्या खोलीत गेले. स्वतः भरवणार होते. त्याने विचारलं, "ताई, तुझ्या दगडाची गोष्ट काय होती?"

मी म्हटलं, काही नव्हती. तो म्हणाला, पदवीदानाची ना?

मी म्हटलं, छे, मी ते केव्हाच समजून घेतलंय. तुझी सेमीफायनल होती. बाबांनी तुला खेळताना बघायला नको?

धाकटा खाली बघत म्हणाला, "मी खेळलोच नाही गं त्या दिवशी. पूर्ण वेळ बाकावर होतो. बाबाही शेजारी बसून होते. आम्ही दोघांनी शेंगदाणे खाल्ले."

मी शांत होते. खोल श्वास घेतला, वर्कशॉपमध्ये शिकवल्याप्रमाणे. डबा हातातून सुटला.

धाकट्याने तो डाव्या हाताने, पलंगावरून न उठता, हवेतल्या हवेत झेलला. झाकणसुद्धा निघालं नाही.

गोलकीपर खरंच चांगला आहे. मी त्याला खेळताना आज पहिल्यांदाच बघितलं.