नारळ नेमका कुठे लागला

केज
२ एप्रिल १९९६

प्रिय मन्मथ,

वीस मार्चला, ऐन पाडव्याला, सकाळी पावणेदहा वाजता तू माझ्या गाडीच्या नाकाडावर नारळ मारलास. नारळ शाबूत राहिला, गाडी फुटली. वर "अपशकुन हाय अक्का, आता कूडलसंगमची यात्रा न्हाई," म्हणून किल्ली खिशात घातलीस आणि तेलगावला निघून गेलास. नर्सची नोकरी संपल्यावर मी जुन्या मेटॅडोरवर फायबरचं नाकाड आणि खोली चढवून घेतली, आत दोन पलंग आणि स्टोव्ह बसवला, ते काय अंगणात शोभेला? गाडी तू हाकायची, हे तूच कबूल केलं होतंस.

रागाच्या भरात मीच दुरुस्तीला बसले. बाहेरून केसाएवढी चीर. आतून हात फिरवला तर तळहाताएवढं फाटलेलं. मोडलेल्या हाडासारखंच, वरच्या कातडीवर विश्वास ठेवू नये. कडा घासून उतरत्या केल्या, मग काचेच्या जाळीचे तुकडे रेझिनच्या चिकट रसात भिजवून आतून एकावर एक बसवले, प्लॅस्टरच्या पट्ट्या बसवाव्यात तसे. पहिल्या खेपेला आपल्या उन्हाचा अंदाज चुकला, ते घट्ट करणारं हार्डनर जास्त पडलं आणि रेझिन वाटीतच दगड झालं, चमच्यासकट. शिवम्मा नेमकी तेव्हाच आली. म्हणाली, "अक्का, गाडी नीट करायलाव का वाटीत पिंड घडवायलाव?" तुझ्या बायकोची जीभ माझ्यासारखी होत चालली आहे, सांभाळ.

घासताना एक प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. तेलगावात कुणाचा नवा ट्रॅक्टर आला की नारळाला तुलाच बोलावतात, आणि तू लोखंडी बंपर कधी चुकवला नाहीस. इथेही बंपर होताच, पांढराशुभ्र, चिरेच्या वीतभर खाली. मग नारळ वर कसा गेला? आधी वाटलं, मुद्दाम मारलास. म्हातारीने गावोगाव हिंडू नये म्हणून. तसं शिवम्माला स्पष्ट विचारलं. तिने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "सांजच्याला पोरगं श्रीशैल ह्यांना हात धरून घरी आणतंय. कुणाला सांगू नको म्हणलेत."

म्हणजे अपशकुन वगैरे काही नव्हता. तुला बंपर दिसलाच नाही, आणि गाडी हाकायची वेळ येऊ नये म्हणून किल्ली खिशात गेली. हे पत्रही तुला श्रीशैलच वाचून दाखवत असेल. दाखवू दे, पोराला सगळं ठाऊक आहे. मोतीबिंदूच असणार. तो होण्यात लाज नाही, सख्ख्या नर्स बहिणीपासून लपवण्यात आहे. मी अंबाजोगाईच्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी अठरा एप्रिलची तारीख घेतली आहे. पट्टी सुटेपर्यंत मी तुझ्या उशाशी बसेन. कूडलसंगम कुठे पळत नाही. येतोस की नाही, ते पंधरा एप्रिलच्या आत लेखी कळव, आणि स्वतःच्या हाताने. ओळी तिरक्या गेल्या, एकावर एक चढल्या तरी चालतील. श्रीशैलच्या अक्षरातलं उत्तर मी न वाचता परत पाठवीन.

तुझीच,
अक्का