माझ्या फोटोची निवडणूक

प्रिय आर्डिथताईस, धाकट्या ऑर्लीनचा प्रेमाचा नमस्कार.

तू पाठवलेलं पार्सल मतदानाच्या आदल्या मंगळवारी हाती आलं, पोच द्यायला उशीर झाला. आत रुबार्बच्या आंबट देठांच्या मुरंब्याच्या चार बरण्या (तीन धड, एक झाकणाशी पाझरलेली, पण वाया काही गेलं नाही, भोवतीच्या वर्तमानपत्रावरून मी चमच्याने निपटून घेतला), एक लोकरीची टोपी आणि व्हर्लिनच्या गुडघ्यासाठी मलम. टपालखर्च अकरा डॉलर चाळीस सेंट पाहून जीव हळहळला. तेवढ्यात इथे साखरेसकट मुरंबा होतो. पण तुझा हातच मोठा, आईसारखा, त्याला इलाज नाही. त्याच दिवशी आणखीही टपाल आलं, ते म्हणजे निवडणुकीची नऊ रंगीत पत्रकं. कागद असा गुळगुळीत की त्यावर किराण्याची यादीसुद्धा लिहिता येत नाही, शाई पुसून जाते. आम्हाला खर्च शून्य. त्यांतल्या चारांवर मी आहे.

तुझी कंबर आता कशी आहे? देवाच्या दयेने आम्ही दोघं नवरा-बायको बरी आहोत. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून सगळं पत्रात लिहिते आहे. बसून वाच.

नेल्डाचा कॉर्बिन तुला आठवत असेल. नेल्डा म्हणजे चर्चच्या भजनमंडळात माझ्या डावीकडे उभी राहते ती, सुरात गाणारी. कॉर्बिन माझ्या रविवारच्या शाळेत होता. दहाच्या दहा आज्ञा धडाधड म्हणायचा. पुढे छपराच्या कामावरून पडला, पाठ गेली, डॉक्टरांनी वेदनेच्या गोळ्या दिल्या, मग डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या पण त्याने नाही केल्या. त्याच पायी गेल्या शरदात त्याने आमच्या शेडमधलं गवत कापायचं यंत्र नेलं, ते बसून चालवायचं लाल. नेलं म्हणजे काय, त्यावर बसून हमरस्त्याने शेजारच्या गावी विकायला निघाला. ते यंत्र माणसाच्या चालीने जातं हे तुला माहीत आहे. मागे गाड्यांची रांग लागली, रांगेच्या शेवटी पोलीस. पोलीस सांगतो की कॉर्बिनने वळताना हात दाखवला होता. त्याने गुन्हा तिथल्या तिथे कबूल केला आणि यंत्रही परत आलं. पण ही त्याची तिसरी चोरी, त्यामुळे आमचे सरकारी वकील गेलन स्ट्रोड यांनी चार वर्षं तुरुंग मागितला. नेल्डाला हवे उपचार, आणि मलाही. त्या तुरुंगातून पाठ बरी करून आणि गोळ्या सोडून कोणी बाहेर आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आता इथला तिढा. सरकारी वकील निवडून येतो, आणि आपल्या पक्षाने त्या जागेसाठी इथे माणूस उभा केलाच नाही, निदान मला आठवतं तेव्हापासून. म्हणजे मार्चमध्ये त्या पक्षाच्या (ज्याचं नाव बाबा जेवणाच्या टेबलावर घेऊ देत नसत, आणि मीही या पत्रात घेणार नाही) आपसातल्या, उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत जो जिंकेल, तोच नोव्हेंबरात निवडून येणार. यंदा स्ट्रोडसाहेबांसमोर त्यांच्याच पक्षाच्या रोवीना प्रॅदर नावाच्या वकीलबाई उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं, व्यसनातून चोरी करणाऱ्याला आधी उपचारांना पाठवा. स्ट्रोडसाहेबांचं म्हणणं, आधी आत पाठवा. आणि वाद घालायला दोघांनाही सापडला तो आमचा कॉर्बिन, म्हणून सापडले मी.

फोटोचं असं झालं. ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी चर्चमध्ये तळलेल्या माशांचं जेवण होतं. स्ट्रोडसाहेब ताट घेऊन माझ्याशेजारी बसले (माणूस वाईट नाही, म्हाताऱ्यांना खुर्ची देतो) आणि म्हणाले, ''ऑर्लीनबाई, त्या प्रकारानंतर घरात भीती वाटते का हो?'' मी म्हटलं, वाटते की, ओव्हन बंद केला की नाही याची. एवढ्यात माझ्या घशात काटा अडकला. त्यांच्याबरोबरच्या पोराने नेमका तेव्हाच फोटो काढला. पत्रकावर तोच आहे. डोळे बाहेर, हात गळ्याशी, आणि खाली ठळक अक्षरांत 'आता मला भीती वाटते', ऑर्लीन, वय ७१. त्यांच्या कचेरीत मी फोन केला तर तिकडून एक गोड आवाज म्हणाला, ''आजी, साहेब तुमच्याच बाजूने आहेत.'' मी म्हटलं, बाळ, मी माझ्या बाजूने नाही, तीच तर तक्रार आहे. त्याने लिहून घेतो म्हणून सांगितलं.

मग प्रॅदरबाई घरी आल्या. बाई हुशार, ॲपल पायचे दोन तुकडे खाल्ले आणि एका कैद्यावर वर्षाला काय खर्च येतो ते सांगितलं. ताई, तो आकडा मी तुला लिहीत नाही, तुझी कंबर आधीच दुखते आहे. उपचार त्याहून कितीतरी स्वस्त. मला तिथेच पटलं. पण त्यांच्यासोबतही कॅमेरावाला होता. त्यांना मी कॉर्बिनचा लहानपणीचा फोटो छातीशी धरून उभी हवी होते. धरला. त्या म्हणाल्या, ''जरा क्षमाशील दिसा.'' मी म्हटलं, बाई, माझा चेहरा एवढाच आहे, आणि क्षमा आत असते. व्हर्लिन दारातून म्हणाला, ''तिला काटा द्या, मग चेहरा येतो.'' (अशा वेळी हा माणूस बरोबर हजर असतो.)

दोघांचा जाहीर वाद ठरला चर्चच्या सभागृहात. रीतीप्रमाणे प्रत्येकीने काही ना काही करून आणलं होतं. मी खिम्याची मॅकरोनी नेली. वेळ मोजायला पाद्रींच्या बायकोने अंडी उकडायचं घड्याळ आणलं होतं, ते वाजलं की बोलणाऱ्याने थांबायचं. स्ट्रोडसाहेब कायद्यावर बोलले, प्रॅदरबाई दयेवर बोलल्या, आणि खरं सांगायचं तर दोघंही चांगलं बोलले. मग स्ट्रोडसाहेब म्हणाले, ''ज्यांच्या शेडमध्ये चोर शिरला त्या ऑर्लीनबाई इथे बसल्या आहेत. बाई, उभ्या राहा.'' मी उठते न उठते तोच प्रॅदरबाई म्हणाल्या, ''हो, उभ्या राहाच. ज्यांनी क्षमा केली त्या याच.'' लोक वळून बघायला लागले. खाली बसावं तर दोघांचा अपमान, उभं राहावं तर दोघांची साक्षीदार. शेवटच्या रांगेत नेल्डा होती, मांडीवर झाकलेलं भांडं घेऊन. येताना तिने ते टेबलावर ठेवलंच नव्हतं. तिच्या हातचं कोणी खाईल की नाही याची तिला खात्री नसावी.

तिला पाहिलं आणि ताई, मी बोलले. मी म्हटलं, मला कोणी विचारलेलं नाही, पण उभी केलीच आहे तर सांगते. माझं यंत्र परत आलं. विकायला न्यायच्या आधी पोराने त्याचं पातं घासून दिलं होतं, ते आता पूर्वीपेक्षा बरं चालतं. त्याने चूक केली, आणि मी ती चूक म्हणूनच धरते. मला शिकवताना 'चोरी करू नकोस' ही आठवी आज्ञा गाळायची सवय नाही. पण त्याच्याकडून चार वर्षं घेऊन मी करू काय? ठेवू कुठे? माझ्या शेडमध्ये ती मावणार नाहीत आणि त्यांनी गवतही कापलं जाणार नाही. एवढं म्हणते तोच घड्याळ वाजलं आणि मी बसले. जेवणाच्या वेळी पाद्रींच्या बायकोने स्वतः जाऊन नेल्डाच्या मांडीवरचं भांडं उचललं आणि रांगेत सगळ्यांत पुढे मांडलं. बटाट्याचं होतं. मीठ जरा जास्त. तळ खरवडेपर्यंत संपलं.

टाळ्या दोन्ही बाजूंनी पडल्या. पुढच्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या पत्रकांवर मी होते, तोंड उघडं, हात वर. एकाखाली लिहिलं होतं 'त्याने चूक केली', दुसऱ्याखाली 'मी करू काय?'. दोन्ही वाक्यं माझीच, त्यामुळे तक्रारही करता येईना.

आता मतदान. आमच्या भागाचं मतदान चर्चच्याच तळघरात होतं. टेबलामागे दोन्ही पक्षांची माणसं बसवतात, एकमेकांवर नजर राहावी म्हणून. आपल्या पक्षाकडून अनेक वर्षं व्हर्लिनच बसतो, त्यांच्याकडून बर्निस आणि तिची शेजारीण. कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते तिथे तोंडाने सांगावं लागतं. मी मान खाली घालून म्हटलं, त्यांची. बर्निस म्हणाली, ''कोणाची? अगं, नाव घे.'' एखाद्या नव्या नवरीसारखी माझी गत झाली. शेवटी घेतलं नाव. बाबा, माफ करा.

व्हर्लिनने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, ''माझी हरकत आहे.''

''कशावरून?'' बर्निसने विचारलं.

''ही त्या पक्षाची नाही. एकोणपन्नास वर्षं हिच्याबरोबर राहतोय, त्यावरून.''

ताई, रागावू नकोस त्याच्यावर. शंका आली तर हरकत घ्यायची असं त्या टेबलाचं कर्तव्यच आहे, आणि बायकोसाठी तो गप्प बसला असता तर माझ्याच मनातून उतरला असता. (त्याचं जेवण मात्र त्या संध्याकाळी मी गरम केलं नाही.) हरकत आली की मतदाराला एका कागदावर सही करावी लागते, की मला या पक्षाची तत्त्वं मान्य आहेत. खोटी सही केली तर गुन्हा, म्हणजे मी कॉर्बिनच्या शेजारच्या कोठडीत. शिवाय खोटं ते खोटंच, कागदावर असो की देवासमोर. मी पेन खाली ठेवला आणि म्हटलं, आधी तत्त्वं कोणती ते सांगा, मग बघते.

बर्निसने शेजारणीकडे पाहिलं, शेजारणीने छताकडे. ''काटकसर,'' बर्निस म्हणाली, ''असावी बहुतेक.''

''आणि देवाचं भय,'' शेजारीण म्हणाली.

''ते आमच्यातही आहे,'' व्हर्लिन म्हणाला.

''काटकसरही?''

''ती तर हिच्यापासून सुरू झाली.''

मी म्हटलं, मग तुमचं भांडण कशाचं? मागून कोणीतरी ओरडलं की आजी, दुपारच्या पाळीला जायचंय, भांडणाचं नंतर बघा. मी सही केली. पण खाली माझ्या अक्षरात 'काटकसर आणि देवाचं भय, एवढ्यापुरतं' असं लिहिलं. बर्निस म्हणाली तिथे लिहायला जागा नाही. मी समासात लिहिलं.

बाबांच्या साठ वर्षांच्या पुण्याईवर असं पाणी सोडून मी प्रॅदरबाईंना मत दिलं, आणि त्या पडल्या. थोडक्यात नव्हे, चांगल्या आपटल्या. निकालानंतरच्या रविवारी भजनात नेल्डाचा सूर लागला नाही; आणि तिचा सूर नसला की आमचं सगळ्यांचंच किती बेसूर आहे ते कळतं. त्याच रविवारी आम्ही बाबांच्या कबरीवर फुलं ठेवायला गेलो तर व्हर्लिन मला म्हणाला, ''तू गाडीतच बस. थोडे दिवस जाऊ देत.'' आणि एकटा गेला. बराच वेळ उभा होता. काय सांगितलं विचारलं तर म्हणाला, हवापाण्याचं बोललो.

असो. निवडणूक संपली, पत्रकं बंद झाली, आणि आमचा चेहरा आमच्याकडे परत आला. वसंत लागला आहे, अंगणात पिवळी फुलं आलीत. तुझ्या पायऱ्या निसरड्या होतात, कठडा धरून उतर. देव तुला सांभाळो.

तुझी धाकटी,
ऑर्लीन

ता. क. : स्ट्रोडसाहेब मला कोर्टाच्या आवारात भेटले. निवडून आल्यापासून माणूस एकदम मऊ झाला आहे. आता त्यांना कॉर्बिनची गरज उरलेली नाही ना. म्हणाले, ''ऑर्लीनबाई, व्यसनमुक्ती केंद्राला माझी हरकत नाही, पण इथल्या संगतीपासून लांब, एखाद्या सभ्य घरात त्याची राहायची सोय हवी. तशी सोय दाखवलीत तर न्यायाधीशांना मी स्वतः सांगतो.''

ता. क. २ : तुझ्या गावातलं ते केंद्र चांगलं आहे म्हणतात, आणि तुझ्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. तुझी गॅरेजवरची खोली रिकामीच असते. शिलाईचं मशीन तेवढं हलवावं लागेल. कॉर्बिनला अक्रोड चालत नाहीत, बाकी सगळं खातो, आणि ताट स्वतः धुतो.

ता. क. ३ : काल न्यायाधीशांनी मला शपथ देऊन विचारलं की अशी व्यक्ती तुमच्या माहितीत आहे का. मी तुझं नाव सांगितलं. तू कबूल झालीस असं मी म्हटलेलं नाही, ते खोटं झालं असतं. मी एवढंच म्हटलं की माझी बहीण सत्तेचाळीस वर्षं एका पक्षाची, एका चर्चची आणि एका शब्दाची आहे, ती नाही म्हणायची नाही. हे बायबलवर हात ठेवून म्हटलं आहे. तेव्हा मला शपथेवर खोटं पाडायचं की नाही, ते आता सर्वस्वी तुझ्या हातात आहे. व्हर्लिन त्याला शुक्रवारी गाडीने आणून सोडणार आहे. उलट टपाली कळव, फोन करू नकोस.