डाव्या हाताची खूण

आई,

तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. काल लातुरात भरलेल्या हॉलसमोर एका मुलीनं तुझ्या डाव्या हाताची खूण नाचात केली, आणि ती सगळ्यांना कळली. मला ती अजून कळलेली नाही.

नायगावची अंगणवाडी. पत्र्याखाली वीस लेकरं, कोपऱ्यात खिचडीचं पातेलं, पुढे तू. तू बडबडगीत म्हणतेस आणि प्रत्येक शब्दाला हात जातो. मासा म्हटलं की तळवा वळवळतो, चंद्र म्हटलं की बोटांची कोर होते. त्या विसांत मीही आहे. माझा हात उशिरा जातो आणि तू गाणं थांबवतेस. "शब्द आला की हात गेला पाह्यजे. न्हाई तर म्होरच्याला कळंल कसं?" घरी तू आई होतीस, तिथं बाई. तिथं मी तुला बाईच म्हणायचे.

पुढे पुण्यात दोन वर्षं राहून मी लिरिकल डान्स शिकले. पहिल्याच आठवड्यात तिथं माझे हात ओढणीनं पाठीमागे बांधले. गाण्यात डोळे आले म्हणून डोळ्यांकडे बोट न्यायचं नाही. शब्द ऐकायचा, बरगड्यांत उतरू द्यायचा, मग पाठ, मान, पाऊल जे करतील ते करू द्यायचं. मला सुटल्यासारखं झालं. लातुरात कापडदुकानावरचा हॉल भाड्यानं घेऊन मी क्लास काढला. मुलींना तुझी नक्कल करून दाखवायचे, मासा, चंद्र, आणि सांगायचे की असं करायचं नाही. त्या हसायच्या. हे तुला माहीत नव्हतं.

तू क्लासला एकदाच आलीस. भिंतीला टेकून बसलीस, पिशवी मांडीवर. एक मुलगी जमिनीवरून हळूहळू उठत होती, उठता उठता पुन्हा कोसळत होती. गाणं संपलं तशी तू माझ्याकडे वळलीस.

"लई छान हाय गं. पण ती पोरगी कशापायी रडून राहिली?"

"रडत नाही, आई. निरोप देतेय."

"मग हात हलवायचा की. हातानं तिचं काय घोडं मारलं?"

मुली हसल्या, मीही हसले. पण मला राग आला होता, आणि तो बरेच दिवस राहिला.

मग नांदेडला दादाच्या घरी तुला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी दर सोमवारी यायचे. त्या सोमवारी तू डावा हात उचललास. तळवा छातीवर ठेवलास, उलटा केलास, चादरीच्या वीतभर वर धरलास आणि हळूच खाली दाबलास. वहिनी वाकली. "पाणी का, आत्याबाई? पंखा? लघवीला व्हतंय?" तू मान हलवलीस, नाही. "नातीला बोलवू?" नाही. वहिनी माझ्याकडे वळली. "तुम्हीच सांगा की, ताई. तुमचं तर कामच हाय ह्ये."

कामच होतं. मी पाहत राहिले, मुलींकडे पाहते तशी. तुझा श्वास छातीत अडकत होता, वजन मनगटात होतं. एवढं मी सांगू शकत होते. तू पुन्हा केलंस, आणि पुन्हा. तिन्ही वेळा खूण तंतोतंत तीच, अंगणवाडीत शिकवायचीस तशी स्वच्छ. शब्द तेवढा नव्हता. मग तू हात खाली ठेवलास. बुधवारी तू गेलीस.

यंदा स्पर्धेसाठी नाच बसवताना मला एका जागी पुढचं सुचेना, आणि माझा हात छातीवर गेला. तुझी ती अख्खी खूण झाली, आणि मी ती नाचात तशीच ठेवून दिली. नाचणारी मुलगी चाकूरची, अकरावीत, ट्यूशनसाठी लातुरात राहते. तिनं विचारलं, "मॅम, इथं माझ्या मनात काय पाहिजे?" मी तिलाच विचारलं. "काहीतरी झाकून ठेवल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, तेच ठेव. काल तिनं ते केलं. माझ्या मागं बसलेली बाई शेजारणीला म्हणाली, "लेकराला निजवून राहिली बघ." शेजारीण म्हणाली, "हाव." परीक्षकांना त्यात पेरणी दिसली. जो तो समाधानी होता. मी टाळ्या वाजवल्या.

कदाचित तुला फक्त चादर नको असेल, उकडत होतं. कदाचित दुसरं काही असेल. मी ती खूण आरशासमोर किती वेळा केली याची मोजदाद नाही. माझ्या हातात ती आता तुझ्याइतकी नेमकी बसली आहे, आणि ती करताना माझ्या मनात काहीच नसतं.

हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून उरलेलंही लिहिते. तू हात खाली ठेवलास असं वर लिहिलं, पण तो आपला आपण खाली गेला नाही. तू चौथ्यांदा उचललास तेव्हा मी तो धरला आणि म्हटलं, "कळलं, आई." सहाची बॅच होती, त्यासाठी दोनची एसटी गाठायची होती. तू माझ्याकडे पाहिलंस. मग हात सोडवून घेतलास आणि पोटावर ठेवलास, काम झाल्यासारखा. वहिनी सांगते, त्यानंतर दोन दिवस तू ती खूण कुणालाच केली नाहीस.